राखणदाराची उजवी वहाण

झिलू गुरवाच्या हातातली कानस चालते, थांबते, पुन्हा चालते. देवळामागच्या खोलीला आतून कडी आहे. वैशाखातली दुपार खुडूक कोंबडीसारखी कौलांवर बसली आहे, उठायचं नाव नाही. भिंतीपलीकडे सभामंडपात मानकरी बाळा परब पताका बांधून घेतो आहे. "रे, ती दोरी वयर घे... वयर रे मेल्या..." हा आवाज भिंतीतून येता येता मऊ होतो आणि झिलूच्या कानाशी पोचेपर्यंत त्याचं नुसतं कोमट वारं उरतं.

मांडीवर देवाची डावी वहाण आहे. तिची टाच झिजवून झाली आहे. उजवी बाजूला पडली आहे, अजून कोरी करकरीत. ती संध्याकाळच्या आत झिजायला हवी.

आडखोल ज्यांनी पाहिलेलं नाही, त्यांना हे कोडं वाटेल, म्हणून झिलूची मान पुरती कलंडायच्या आत सांगून टाकतो. आडखोलचा राखणदार वेताळ. देऊळ अलीकडचं, देवळाआधी नुसता धोंडा होता, आणि धोंड्याआधी, म्हातारे म्हणतात, नुसती भीती होती, तिलाच लोक नारळ ठेवायचे. हा देव बसून राहणारा नव्हे. दर अमावास्येला तो गावाच्या शिवेवरून फेरी मारतो. चालतो म्हणून त्याला वहाणा लागतात. चालतो म्हणून त्या झिजतात. वर्षातून एकदा चर्मकारवाड्यातला सदाशिव नवा जोड करून आणतो, आणि त्या संध्याकाळी जुना जोड तळवे वर करून सगळ्या गावापुढे धरतात. झिजलेली टाच बघून बायका डोळे पुसतात. "यंदा लय चाललो गो माजो राखणदार," म्हणतात, आणि वर्षभर दाराला कडी न लावता झोपतात.

वहाण म्हणजे हातभर लांब. मागे एकदा डाव्या वहाणेत मांजर व्याली होती, आणि आईपिल्लं मिळून अंगठ्यापर्यंतसुद्धा पोचली नव्हती. खोटं वाटत असेल तर त्या मांजरीची पणती अजून देवळात आहे, तिला विचारा.

राखणदाराच्या गुरवानं मात्र गावात पायात काही घालायचं नाही. एका गावात वहाणा घालून फिरणारा एकच. झिलू जन्माचा अनवाणी. त्याच्या तळव्यांना बाभळीचा काटा आधी नमस्कार करतो, मग वाकतो.

आणि कानस? मिसरूड फुटायच्या वयात झिलूनं आपल्या बापाला, आपाला, सड्यावर, डोंगरमाथ्याच्या उघड्या माळावर, कातळावर पाठमोरा बसलेला पाहिला होता. मांडीवर देवाची वहाण, आणि हात मागेपुढे हलतो आहे. झिलूला जे समजायचं ते समजलं. आपा गेल्यावर त्यानं कुडाळच्या बाजारातून कानस आणली. काम स्वच्छ झालं. त्याचं त्याला वाईटही वाटत नव्हतं. भिंतीला चुना लावतो तसं देवाच्या टाचेला कानस लावायची, त्यात काय?

या वर्षापर्यंत वाटत नव्हतं. शिमग्याच्या आधीच्या अमावास्येला आवडाकाकी गेली. तिचं घर गावातलं शेवटचं, काजूच्या डोंगराखाली. एकटी बाई, पुढे केळीची बाग. दर अमावास्येला राखणदाराला केळ्यांचा घड तिचा असायचा. दिवेलागणीला ती अंगणात पडली, कमरेचं हाड मोडलं, रात्रभर तिथंच राहिली. सकाळी लोक पोचले तेव्हा अंग थंड होतं. मग गावानं विचारलं ते बरोबरच विचारलं: अमावास्येला राखणदार शिवेवरून जातो, तिचं अंगण शिवेलाच लागून आहे, मग त्याला दिसली कशी नाही? सगळे झिलूकडे बघायला लागले. झिलू देवासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "काकीचो घड चुकलो ह्या टायमाक. म्हणान राखणदार तिच्या दारावरून फिरलो नाय."

गावाचा जीव भांड्यात पडला. देव सुटला. तेव्हापासून काकीच्या बागेतल्या केळ्यांना कोणी हात लावत नाही, झाडावरच पिकून काळी पडतात. सासवा सुनांना सांगतात, "आवडासारख्या करू नको हां, देवाचा चुकवशीत." आणि झिलूच्या डोळ्याला डोळा लागत नाही तो तेव्हापासून.

आता लागतो आहे. कानस बोटांतून सुटते. तिचा जमिनीवर पडल्याचा आवाज व्हायला हवा, तो होत नाही.

कोपऱ्यात कोणीतरी केळफूल सोलत बसलं आहे.

"झिलग्या, झोपलंस काय मेलंस?"

"झोपलंय, काकी."

"बरा केलंस. मेलेल्यांची लय गर्दी आसा थंय. बसाक जागा नाय."

आवडाकाकी एक गुडघा वर घेऊन बसली आहे, कायम बसायची तशी. हाताला खोबरेल लावलं आहे, चीक चिकटू नये म्हणून. फुलातली एकेक काडी उपसून ती पदरात टाकते. झिलूला आठवतं की हिच्या तिरडीला आपला खांदा होता. पण समोर बसून भाजी निवडणाऱ्या बाईजवळ तो विषय काढणं बरं दिसत नाही.

"ता काय करी होतंस?" ती कानशीकडे हनुवटी करते.

"काय नाय. देवाच्या व्हाणा पुसतंय."

"लोखंडान?"

झिलू पंचाचा सोगा कानशीवर ओढतो. कानस पंचातून दिसते. तो पाय ठेवतो. ती पायातूनही दिसते.

"लपवू नको, घाम फुटतलो तुका. पाय दी."

"कित्याक?"

"दी म्हणतंय तर दी. तुका लहानपणी पायावर घेऊन न्हाणलंय मी. माका पाय दाखवूक लाजतंस?"

तो पाय पुढे करतो. काकी देवाची वहाण उचलून त्याच्या तळव्याला लावते. जिथं झिलूचा पाय संपतो, तिथं देवाचा अजून निम्मादेखील झालेला नसतो. काकी फुसकन हसते.

"एवढोसोच देव?"

"काकी, ती देवाची आसा! पायात घालू नको माज्या. पाप लागात."

"पाप? तुका?" ती केळीच्या सोपट्याची दोरी वळते आणि वहाण त्याच्या घोट्याला करकचून बांधते, पहिल्यांदा डावी, मग उजवी. "घासतास तेव्हा लागला नाय, आता घातल्यावर लागतला? आपाचो पाय पण इतकोच होतो. तो पण असोच सोपटान बांधी."

"खंयचो आपा?"

"तुजो बापूस रे. गावात दुसरो आपा खंय हा? चल, दिवेलागण झाली."

खिडकीत दुपारच आहे. फक्त वस्तूंच्या सावल्या कोणीतरी काढून ठेवल्या आहेत, वाळत घातलेले कपडे काढावेत तशा. कडी लावलेलं दार उघडायची गरज पडत नाही, कारण भिंत आता कमरेएवढा दगडी गडगा झाली आहे, आणि गडग्यावरून आवडाकाकी पोरीसारखी पलीकडे उतरली आहे.

झिलू चालतो. डावी वहाण निमूट चालते, तिची टाच झिजलेली. उजवी प्रत्येक पावलाला बोलते, कर्र, कर्र. अंगठ्याचा पट्टा लाकडासारखा कडक आहे.

"ही चावता, काकी."

"चावतलीच. वर्षभर पायाक लागूक नाय, उपाशी आसा."

सभामंडपाचे खांब केळीचे झाले आहेत आणि त्यांच्यातून बाळा परबाचं घर जवळ येतं. बाळा आत तोंड उघडं टाकून झोपला आहे, आणि त्याचा आवाज मात्र एकटाच कौलांवर उभा राहून दोरीवर ओरडतो आहे. उंबऱ्याबाहेर तांब्याभर पाणी, वर गुळाचा खडा. उजवी वहाण कर्र करते. आत बाळाची बायको झोपेतच म्हणते, "इलो," आणि कौलांवरचा आवाज गप्प होतो. बाळा कुशीवर वळतो. त्याच्या चेहऱ्यावर असं काही येतं, जे मानकरी जागेपणी येऊ देत नाही.

झिलू उभाच राहतो.

"काय बघतंस?"

"दर अमावास्येक हे असे पाणी ठेवतत?"

"मगे? तू गुरव आसंस मां? तुका ठावक नाय?"

झिलूला ठाऊक नाही. दर अमावास्येला तो खोलीत बसलेला असतो, आतून कडी लावून.

पुढे सदाशिवाच्या पडवीत गाभण म्हशीचं दावं खुंटाला गुरफटलं आहे, मान आवळली आहे. झिलूचा हात आपोआप जातो आणि पीळ सोडवतो. म्हैस त्याच्याकडे बघून सुस्कारा टाकते. आणखी पुढे कोणाच्या तरी चुलीतलं निखाऱ्याचं लाकूड पेंढ्याकडे सरकलं आहे. झिलू त्यावर देवाची वहाण ठेवतो. चामड्याचा वास येतो, निखारा विझतो. कोणी सांगितलेलं नसतं. एवढ्या मोठ्या वहाणा पायात असल्यावर पाय दुसरं काय करणार?

"काकी, आपा खरोखरच..."

"तो बघ."

ते सड्यावर आहेत. कातळ तापलेला आहे आणि कातळाच्या कडेला समुद्र येऊन बसला आहे, जो आडखोलला नाही. आपा पाठमोरा बसला आहे. तोच कातळ, तीच पाठ. मांडीवर वहाण, आणि हात मागेपुढे हलतो आहे.

झिलू जवळ जातो. या वेळी तो आडवाटेच्या करवंदीमागे लपत नाही. तो बापाच्या खांद्यावरून वाकून बघतो.

आपाच्या हातात बाभळीचा काटा आहे. तो वहाणेच्या तळव्यात रुतलेले काटे एकेक करून काट्यानं काढतो आहे. हात मागेपुढे हलतो, काटा निघतो, आपा तो कातळावर ठेवतो. कातळावर काट्यांची रास झाली आहे. त्याच्या स्वतःच्या पायाला सोपट्याचे वळ उठले आहेत. तो खोकतो, जसा खोकायचा तसाच, शेवटी एक शिट्टी.

"आपा," झिलू म्हणतो.

आपा वळत नाही. त्याचं काम संपलेलं नाही.

"तो काय बोलाचो नाय," काकी म्हणते. "तुज्यावर रागान नव्हे. तुका लपलेलो बघलो तेणी तेव्हा. वाटला, झिलान बघल्यान, आता मागसून ह्यां काम करतलो. सांगाची गरज नाय."

चाळीस पावसाळे झिलूनं बापाला मनातल्या मनात लबाड म्हटलं, आणि त्या लबाडाच्या गादीवर ऐटीत बसला.

"गावाक ठावक होता? हो फिरता म्हणान?"

"गावाचा माका काय ठावक? माका ठावक होता. खोकलो खंय लपता? माज्या बागेतसून जाय तेव्हा मी आतून म्हणय, इलो गो माजो राखणदार. आणि आपाचो खोकलो ऐकान हसय."

"मगे खोटाच मां ता? देव नव्हेच, आपा."

काकी थांबते. केळफूल अजून तिच्या हातात आहे, पण त्याला आता सोलण्यासारखं काही उरलेलं नाही.

"तू गुरव नि इतको खुळो कसो रे? पायात व्हाणा आसत तवसर देव. काडल्यो की आपा. ह्येच्यात खोटा काय? देव काय खांद्यावर पाटी लावन फिरता?"

समुद्र उठून जातो. त्याच्या जागी केळीची बाग आहे आणि बागेच्या तोंडाशी काकीचं अंगण.

अंगणात गाव जमलेला आहे. देवळाची घंटा फणसाच्या फांदीला टांगली आहे. सगळे मधल्या मोकळ्या जागेकडे पाठ करून कडेच्या तुळशीकडे बघत बसले आहेत. तुळशीच्या कट्ट्यावर झिलू उभा आहे. दुसरा झिलू, अनवाणी, पंचा नीट नेसलेला, आवाज देवासारखा काढलेला. "काकीचो घड चुकलो," तो म्हणतो आहे. "काकीचो घड चुकलो." गाव माना हलवतो. घंटा वाजत नाही, पण हलते.

"ह्यां झाल्यावर तुका झोप लागली?" काकी विचारते.

"नाय."

"आज लागली ती पहिलीच?"

"व्हय."

"म्हणानच माका येवक गावला." ती केळफूल खाली ठेवते, पदर खोचते आणि अंगणात आडवी होते. अगदी सावकाश, जागा शोधून, जशी एखादी बाई दुपारी पाटावर डोकं टेकते. एक पाय अंगाखाली विचित्र वळलेला. "हंय पडलंय. अशी. बघ."

"उठ काकी. नको."

"बघ म्हणतंय. त्या दिसा तू बघूक नाय, तू भलताच बघी होतंस." ती आभाळाकडे बघत बोलते. "पडल्यावर मी हाक मारूक नाय. म्हटला, अमावास्या आसा, आपा गेलो तरी व्हाणा आसत, तो येतलोच. कान लावन पडलंय. आणि आवाज येवक लागलो. खर्र, खर्र. म्हटला, इलो. पण झिलग्या, तो आवाज पुढे सरकूकच तयार नाय. एकाच जागेवर. खर्र, खर्र. माका वाटला, देव माज्यासारखोच खंयतरी पडलोहा, आणि पाय घासता हा."

झिलू खाली बसतो. उजव्या पायात आग आहे. अमावास्येला तो खोलीत होता, कडी लावून, आणि बदलून आणलेली नवी कानस डाव्या टाचेवर चांगली चालत होती. त्यानं त्या वेळी गुणगुणलंही होतं काहीतरी.

"आता सांग," काकी म्हणते. "माज्या हातात काय होता?"

"काकी..."

"सगळ्यांच्या आधी माज्याजवळ कोण पोचलो? तूच मां? माज्या हातात काय होता?"

तुळशीवरचा झिलू बोलायचा थांबतो. तोही ऐकायला लागला आहे.

"घड," झिलू म्हणतो.

"कसलो?"

"केळ्यांचो. देवाचो. नुकतोच काडललो. चीक सुकलो नव्हतो. तो काडूक गेलंस नि पाय घसारलो तुजो."

"मगे तो घड खंय गेलो?"

झिलू पायाकडे बघतो. त्या सकाळी हाच पाय होता. माणसं गडग्यापर्यंत आली होती, त्यांची बोलणी ऐकू येत होती. घडाला मुंग्या लागल्या होत्या. आणि झिलूच्या डोक्यात तोवर एकच विचार आला होता: देव कुठं होता, असं हे लोक मला विचारणार. पाय पुढे झाला. घड केळीच्या आळ्यात गेला. पायानंच वाळकी पानं वर ओढली.

"पातेऱ्यात लोटलंय," तो म्हणतो.

"जोरान सांग. हे पाठ करून बसलेहत."

"पातेऱ्यात लोटलंय मी!"

कोणी वळत नाही. बाळा परब डोक्यावरची टोपी सारखी करतो, इतकंच.

"काकी, माका माफ कर."

"तेची काय भाजी करू?" काकी उठून बसते, पाठीची माती झटकते. ती रागावलेली नाही, हेच झिलूला सोसत नाही. "झिलग्या, जन्मभर मी काय केलंय? ना पोर, ना बाळ, ना कोणाच्या लग्नात पुढे. एक घड. तो कधी चुकवूक नाय. नवरो मेलो त्या अमावास्येक पण शेजारणीकडसून पाठवलंय. तितकाच एक माजा होता ह्या गावात. ता तू काडून घेतलंस नि देवाक दिलंस. देवाक त्येची गरज होती?"

"लोकांचो इश्वास जायत, काकी. देवाचा नाव..."

"देवाची काळजी तू करू नको. तो तुज्या-माज्या आधी होतो, नि मागाहून पण आसतलो. मी एकदाच होतंय."

ती त्याच्या पायाशी येते, खाली वाकते आणि वहाणांवर डोकं ठेवते. मग हात जोडून उभी राहते आणि गाऱ्हाणं घालायला लागते, देवळात घालतात तसं, त्याच चालीत.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" पाठ करून बसलेला गाव एका सुरात म्हणतो.

"आज ह्या अमावास्येक तुज्या वाटेर एक म्हातारी पडली!"

"व्हय म्हाराजा!"

"तिणां तुजो घड कधी चुकवूक नाय! फेरी चुकली ती तुजी!"

आता सगळे वळले आहेत. बाळा, सदाशिव, झोपेत "इलो" म्हणणारी ती बाई, सगळे. ते झिलूच्या तोंडाकडे बघत नाहीत. त्याच्या पायांकडे बघताहेत.

"ह्यां तू चार माणसांत सांगतलंस काय नाय, म्हाराजा?"

हे उत्तर गावानं द्यायचं नसतं. हे ज्याच्या पायात वहाणा आहेत त्यानं द्यायचं असतं.

झिलू तोंड उघडतो. त्याला म्हणायचं आहे. एकच शब्द आहे, शेंबड्या पोरालाही येतो. तो जीव एकवटून म्हणतो, आणि त्याच्या घशातून आवाज येतो, खर्र. तो पुन्हा प्रयत्न करतो. खर्र, खर्र. एकाच जागेवर.

काकी त्याच्याकडे बघते. तिच्या तोंडावर असं काही आहे, जसं उतू जाणाऱ्या दुधाकडे बघताना असतं.

"बरा तर," ती म्हणते. "निदान पाय तरी खोटा बोलूचो नाय," आणि उजव्या वहाणेचं सोपटं आणखी एक पीळ देऊन आवळते.

फणसावरची घंटा वाजते. ठक. ठक, ठक.

"अवो! उघडा बघया! माणसां जमली!"

दारावर थापा पडताहेत. झिलू खोलीच्या भिंतीला टेकून बसला आहे. तोंडाला कोरड, मानेवर घाम. कडी आतून आहे तशीच आहे. कानस जमिनीवर, देवाच्या दोन्ही वहाणा समोर, एकीची टाच झिजलेली, दुसरी कोरी. तो गुडघ्यांवर सरकत जाऊन कडी काढतो.

प्रेमा चहाचा पेला घेऊन आत येते आणि पहिल्यांदा वहाणांकडे बघते, मग नवऱ्याकडे. इतकी वर्षं तिनं या खोलीबद्दल कधी काही विचारलेलं नाही. आता ती दार लोटते, चहा खाली ठेवते आणि कानस उचलून त्याच्यापुढे धरते.

"उजवी रवली," ती कुजबुजते. "पटापट घासा. मी दारात बसतंय, कोणाक येवक देवचंय नाय."

म्हणजे हिलाही ठाऊक. झिलूला आजच्या दिवसात आणखी किती उघडं पडायचं आहे, कोण जाणे.

"ठेव ती."

"ठेव काय? बाळा परब भायर आरडता. एक पाय झिजलो नि एक तसोच, असो देव दाखवतलास लोकांक? लंगडो?"

झिलू उठायला जातो आणि मटकन खाली बसतो.

"काय झाला?"

तो उजवा पाय उजेडात घेतो. अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या बेचक्यात फोड आला आहे. पिकल्या करवंदाएवढा, तकतकीत, पाण्यानं भरलेला. डाव्या पायाला काही नाही. प्रेमा वाकून बघते. तिनं या पायांवर लग्नापासून पाणी घातलं आहे. या पायांना भेगा पडतात, काटे मोडतात, नखं जातात. तिथं, बेचक्यात, फोड कधी येत नाही. तिथं फोड येतो तो वहाणेच्या पट्ट्यानं.

"ह्यां कशान?"

झिलू बोट लावून बघतो. कळ डोक्यात जाते. कातडं झिजवायला कानस चालते. फोड काही कानशीनं येत नाही.

तो भिंतीला धरून उठतो. दोन्ही वहाणा काखेत मारतो. प्रेमाच्या हातात कानस तशीच राहते, आणि तो लंगडत सभामंडपात येतो.

गाव बसलेला आहे. पायरीखाली सदाशिव, त्याच्या पुढ्यात नवा जोड, तेल लावलेला. बायका मागे. खांबाजवळ जिथं आवडाकाकी बसायची, तिथं कोणी बसलेलं नाही, पायसुद्धा पसरलेला नाही. सगळे वहाणांकडे बघायला माना उंचावतात.

"काय रे, लंगडतंस कित्याक?" बाळा परब विचारतो.

"व्हाण चावली."

हशा पिकतो. "ऐकलात?" बाळा म्हणतो, "जन्मात व्हाण घालूक नाय नि ह्येका व्हाण चावली! कोणाची रे?"

झिलू डावी वहाण खाली ठेवतो. उजवी दोन्ही हातांत धरून उलटी करतो आणि तिचा तळवा गावापुढे धरतो. कोरा, सपाट, सदाशिवानं मारलेला एकेक टाका जागच्या जागी. हसणं पुढच्या रांगेपासून मागं मागं विझत जातं.

"हीच," झिलू म्हणतो. "बसा सगळे. आवडाकाकीचा सांगूचा आसा. फोड फुटायच्या आधी सांगतंय."